गोटूचा उपास

गुरांच्या डॉक्टरचा धंदा हा निम्म्याहून जास्त धरण्याचा धंदा असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. औषध काय, पुस्तकात असतंच. पण ते औषध बैलाच्या पोटात उतरेपर्यंत बैल जागेवर राहायला हवा, आणि तो राहत नाही. वेसण कशी धरली की मान वळते, दोर कसा टाकला की एवढं मोठं धूड आपण होऊन खाली बसतं, नळकांड्याने काढा पाजताना जीभ कुठे जाऊ द्यायची, ही विद्या कॉलेजात अर्धी आणि गोठ्यात अर्धी शिकावी लागते. लाथा खाल्ल्याशिवाय ती पुरी होत नाही. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी आर्वीच्या एका म्हशीच्या नावावर आहे.

मी मूळचा नगरकडचा, पण नोकरी सगळी वर्धा जिल्ह्यात झाली. आधी आर्वीला, मग वर्ध्याला. गिऱ्हाइकं एकाहून एक भेटली. आर्वीला एक म्हातारा बैलाला इंजेक्शन देऊ द्यायला तयार होईना. आधी तुम्हाला टोचून दाखवा, म्हणाला, तुम्हाला दुखलं नाही तर त्यालाही दुखणार नाही. शेवटी उकळलेली कोरी सुई मी स्वतःच्या दंडात खुपसून दाखवली आणि चेहरा हलू दिला नाही. म्हातारा बैलाच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला आणि मग मला म्हणाला, आता द्या. बैलाने हूं की चूं केलं नाही. अशा गोष्टी सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मनात गुरांमधली खुरकुताची साथ होती. ती लिहायलाच हवी, कधीतरी लिहीन. पण कागद पुढे ओढला की मला सिंदी मेघेचं ते घर आठवतं, आणि बैल मागे पडतात. सगळ्या नोकरीत मी एकच जनावर न धरता बरं केलं. ते जनावर म्हणजे एक साप होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. थंडी पडायला लागली होती आणि बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. दवाखान्यात सकाळची गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ आत आले. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात सायकलची किल्ली. सिंदी मेघेला त्यांचं घर आणि पलीकडे वावर होतं. नाव श्रावणजी. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

"साप आजारी पडला त तुमी पाह्यता का?" त्यांनी विचारलं.

आमचा ड्रेसर हसला. श्रावणजी हसले नाहीत. "माह्या पोराचा हाय," म्हणाले, आणि मग सावकाश दुरुस्ती केली, "पोराचा होता."

पुढचं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. थोरला मुलगा अरुण बी.एस्सी., बी.एड. झालेला. त्या वेळी नायजेरियात शिक्षक हवे असत आणि आपल्याकडची पुष्कळ मुलं जात. अरुण गेला. तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचा. पावसाळ्यात ताप आला आणि त्या तापात तो वारला. तार आली तेव्हा अंत्यसंस्कार तिकडेच उरकलेले होते. पुढे त्याच्यासोबतचा एक केरळी मास्तर सुट्टीवर देशात आला, तो वाट वाकडी करून वर्ध्याला उतरला आणि अरुणची ट्रंक देऊन गेला. ट्रंकेबरोबर एक झाकणाची टोपली होती. टोपलीत अरुणने तिकडे पाळलेला साप होता. तो तिथे सोडला असता तर शाळेच्या स्वयंपाक्याने मारला असता, आणि मित्राची एवढी एकच जिवंत खूण मला मारू द्यायची नव्हती, असं तो मास्तर मोडक्या हिंदीत म्हणाला होता. त्याने तो विमानातून कसा आणला, कुणाला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. आजच्या कायद्यात यातलं काहीच बसणार नाही.

"आला तवापासून तोंडात पानी नाई," श्रावणजी म्हणाले. "मायचा जीव लागला हाय त्यात. म्हून आलो."

मी स्पष्ट सांगितलं, मला सापातलं काही कळत नाही. ते म्हणाले, आमालेही कळत नाई, चाला.

घरात शिरलो आणि मला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तेराव्याला आलो. ओसरीत पंधरावीस माणसं, चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर. भिंतीला अरुणचा हार घातलेला फोटो, फोटोखाली पाटावर टोपली. टोपलीपुढे दुधाची वाटी, साखरभात, एक उकडलेलं अंडं आणि बत्ताशे. बाजूला अरुणची आई कौसाबाई बसलेली. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावरून पदर, डोळे कोरडे. धाकटी मुलगी शालू तिला टेकून होती.

टोपलीत साप होता, पण साप म्हणून ओळखू येत नव्हता. काळपट तपकिरी, मधेमधे फिकट मातकट ठिपके, जाडजूड, आणि सगळा गुंडाळून गोटा झालेला. डोकं त्या गोट्याच्या आत, मधोमध. आफ्रिकेतला हा लहान जातीचा अजगर. विष नाही, चावण्याची हौस नाही. भीती वाटली की डोकं पोटात घेऊन गोटा व्हायचं, एवढंच त्याला येतं. अरुणने त्याचं नाव म्हणूनच गोटू ठेवलं होतं. संध्याकाळी तो अरुणच्या मनगटाला विळखा घालून शांत पडून राहायचा, हेही त्या मास्तरांनी सांगितलेलं, आणि त्या एका वाक्याने पुढचा घोळ झाला होता.

"रुसला हाय थो," कौसाबाई मला म्हणाल्या. "लहानपनी हा असाच रुसे. तोंड लपवून निजे, जेव म्हटलं त जेवत नसे."

हा कोण आणि तो कोण, हे मी त्या वेळी विचारलं नाही. ते मला थोड्या वेळाने आपोआप कळलं.

श्रावणजींचे थोरले भाऊ किसनजी पुढे झाले. मोठं कुटुंब, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी टोपलीत हात घालून तो गोटा उचलला, दोन्ही ओंजळीत धरला, कपाळाला लावला आणि मोठ्याने म्हणाले की अरुण, शालूच्या लग्नाची काळजी करू नको, ते मी उभं राहून करून देईन, आता जेव. मग गोटा खाली. मग एक मामा उठले. त्यांनी गोटा उचलला आणि सांगितलं, तुझ्या बापाला एकटं पडू देणार नाही. मग आत्या. सकाळपासून हे असंच चाललेलं होतं, आणि गेल्या कित्येक सकाळी असंच चाललेलं होतं. ज्याला जे द्यायचं ते वचन, आणि ज्याला वचन पोचवायचं त्याला हात लावायचा.

मी श्रावणजींना बाजूला घेतलं. त्यांनी खाली बघत सांगितलं. अरुणचा देह आला नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. सगळ्यांनी हात जोडून एकेक वचन दिलं, तुझं हे करू, ते करू. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली उतरला नाही. शेवटी अशा वेळी करतात तसा गुरुजींनी दर्भाचाच कावळा केला आणि तो पिंडाला लावला. शास्त्र पुरं झालं. पण घरी आल्यावर कौसाबाई एवढंच बोलल्या होत्या, "पोरगं बी गवताचं, कावळा बी गवताचा." त्यानंतर त्या पोटभर जेवल्या नव्हत्या. आणि मग हा खराखुरा जीव घरात आला होता, अरुणच्या हातचा, आणि तोही जेवत नव्हता.

मला काय करायला बोलावलंय, ते तेव्हा नीट कळलं. मी बैलाच्या दवाखान्याचा डॉक्टर होतो आणि मला एका मेलेल्या मुलाची इच्छा पुरी करायची होती.

मी गोटू उचलला. विष नाही हे डोक्याला माहीत असलं तरी हाताला माहीत नसतं. अंग थंडगार. कातडी सुरकुतलेली, बोटाने चिमटीत धरली तर तशीच राही, म्हणजे पाणी कमी पडलेलं. खवल्यांच्या फटींतून गोचिड्या चिकटलेल्या. त्या बघून मात्र मला हायसं वाटलं, त्या सबंध जनावरावर माझ्या ओळखीचं तेवढंच होतं. चिमट्याने एकेक काढल्या. डोकं मात्र त्याने शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही.

दवाखान्यात परत येऊन मी ट्रंककॉल लावला. माझा एक वर्गमित्र दुसऱ्या शहरात प्राणिसंग्रहालयात डॉक्टर होता. लाइन खरखरत होती, त्यामुळे आम्ही दोघेही ओरडत होतो. त्याने आधी विचारलं, किती लोक हाताळतात त्याला? मी म्हटलं, सगळं गाव. तो म्हणाला, मग आजार तोच आहे. साप बोलत नाही, ओरडत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला काही होत नाही. भ्यालेला साप खात नाही. त्याला अंधार दे, अंग सगळीकडून टेकेल अशी तंग जागा दे, ऊब दे, पाणी दे आणि विसरून जा. दूधबीध काढून टाक. उंदीर दे, मारलेला पण कोमट, कारण या जातीला ओठावरच्या खळग्यांतून ऊब कळते, आणि जिवंत उंदीर उलटून चावला तर साप मरेल. खाल्लं तर त्यानंतर आठवडाभर तरी बोटही लावायचं नाही. लावलंत तर ओकेल.

"आणि जबरदस्तीनं भरवलं तर?" मी ओरडलो. नळकांडं माझ्या डोळ्यांपुढे होतंच.

"बैल नाही तो," तो म्हणाला, आणि लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी हे सगळं त्या घरात सांगितलं. कापसाची खोली मला पहिल्याच दिवशी दिसली होती. वेचणीचा कापूस छतापर्यंत भरलेला, खिडकी नाही, भिंती मातीच्या, बाहेर हुडहुडी भरली तरी आत ऊबदार. बियाण्याची एक जुनी लाकडी पेटी होती, तिला वरून जाळी ठोकायची. आत तोंड फुटलेलं मडकं आडवं ठेवायचं आणि पाण्याची परात. दार लोटून घ्यायचं. आत कुणी जायचं नाही.

किसनजी म्हणाले, म्हणजे आम्ही त्या पोराला दिलेले शब्द फुकट? दुसरं कुणीतरी म्हणालं, हा डॉक्टर तिकडचा, त्याला काय समजणार. या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण मग कौसाबाईंनी आवाज न चढवता विचारलं, "म्हंजे मी बी हात लावू नोको?"

त्या बाईने तारेतून मुलगा गेल्याचं ऐकलं होतं. कपाळावरून हात फिरवायला देह मिळाला नव्हता, जाळायलासुद्धा गवत मिळालं होतं. त्याच्या मनगटाला रोज टेकलेलं एक जिवंत अंग आता तिच्या हाताखाली आलं होतं, आणि मी, परका माणूस, सांगत होतो की हात लावू नका. इतकी वर्षं जनावरांना सुया टोचल्या, पण कुणाला दुखवतोय हे त्या वेळेइतकं स्पष्ट मला कधी दिसलं नाही. अजूनही त्याचं वाईट वाटतं. आणि तरी आज सांगायची वेळ आली तर तेच सांगेन.

"कौसाबाई," मी म्हटलं, "तो रुसलेला नाही. तो भ्यायलेला आहे."

त्यांनी टोपलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परक्या गावात पडलं, त भेईनच लेकरू." आणि स्वतः उठून त्यांनी दुधाची वाटी उचलली.

त्यांची एकच अट होती. खोलीच्या उंबऱ्यावर त्या बसणार. मी म्हटलं, बसा, पण दाराकडे पाठ करून. तशा त्या बसायला लागल्या. मांडीवर कापूस घेऊन वाती वळायच्या. घरातलं काम उरकलं की उंबरा, वाती आणि बंद दाराकडे पाठ.

उंदरांचं काम श्रावणजींनी घेतलं. मुलाच्या मरणानंतर हा माणूस रडला नव्हता, त्याला काय करावं तेच कळत नव्हतं. आता त्यांना काम मिळालं. सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी आणलेला पांढरा उंदीर गोटूने पाहिलाच नाही. मग श्रावणजी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, म्हणजे कापसाच्या बांधावर, सापळे लावू लागले. वावरातला मातकट उंदीर, त्याच्या अंगाला मातीचा वास. कदाचित तिकडच्या रानातला वासही असाच असेल, असा माझा आपला अंदाज. माळकरी घरात हे पाप नको म्हणून ते उंदीर वावरातच मारून आणत, गरम पाण्याच्या लोट्यावर धरून कोमट करत आणि तोंड फिरवून पेटीत सोडत. कौसाबाई त्या वेळी "रामकृष्णहरी" म्हणत, उंदरासाठी. मान मात्र वळवत नसत.

पहिला उंदीर सकाळी तसाच निघाला. दुसराही. मधे दिवस जाऊ देऊन पुन्हा, आणि पुन्हा तसाच. मी जाऊन बघायचो. गोटू मडक्यात बसू लागला होता, पाणी पीत होता, डोकं आता गोट्याच्या आत नसून वर टेकवलेलं असे. मला ते सुधारल्याचं लक्षण वाटे, घरच्यांना नुसता साप दिसे. किसनजी एकदा मला दवाखान्यात येऊन म्हणाले की डॉक्टरसाहेब, तुम्ही बैलाला पाजता तसं याला पाजत का नाही, आम्ही धरतो. धरणाऱ्यांना तोटा नव्हताच. मी नाही म्हणालो, पण त्या रात्री झोप लागली नाही. जाणत्या माणसांनी भरलेली ओसरी, एक उपाशी आई आणि एक उपाशी साप, आणि मी सगळ्यांना सांगतोय की काही करू नका. यापेक्षा म्हैस आडवी पाडणं सोपं.

मग एका सकाळी उंदीर नव्हता. पेटी कोरडी, मडक्यात गोटू, मधे अंगाला एक फुगवटा. श्रावणजींनी दार उघडून पाहिलं आणि बाहेर येऊन बायकोसमोर उभे राहिले. तिने मान वर करून विचारलं, जेवला? त्यांनी मान हलवली. शालू मला नंतर म्हणाली, त्या दिवशी आईने ताटातली पूर्ण भाकर खाल्ली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आनंद झाला की माणसं ज्या चुका करतात त्या दुःखातल्या चुकांपेक्षा मोठ्या असतात. बातमी पसरली. अरुण पावला, वचनं पोचली. किसनजींच्या शब्दाचंच ते फळ, असं त्यांच्या घरी ठरलं. दुसऱ्या दिवशी कौसाबाई विहिरीवर गेलेल्या असताना ते चार पाहुण्यांना घेऊन आले, पेटी उघडली, गोटू काढला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत दिला. संध्याकाळी साप ओकला. अर्धवट विरघळलेला उंदीर, आणि सगळ्या घरात असा वास की माणसं बाहेर पळाली.

मला निरोप आला तेव्हा मला वाटलं, संपलं. साप वाचेल न वाचेल, पण ती बाई आता उठत नाही. स्वीकारलेला घास परत टाकला, यासारखा दुसरा अपशकुन नव्हता.

मी पोचलो तेव्हा किसनजी ओसरीत होते, चेहरा उतरलेला, आणि तरी म्हणत होते की काहीतरी राहिलं असेल, आपण सगळे पुन्हा एकदा आत जाऊन त्याची क्षमा मागू. माणसं उठलीही. कौसाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. किसनजी त्यांचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. तिकडे अशा घरांत सून भासऱ्यांपुढे तोंडावरून पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकमेकांशी एक शब्द बोललेला नव्हता. त्या दिवशीही पदर होताच. पण त्या दारातून हलल्या नाहीत.

"लय शब्द देल्ले सगळ्यायनं," पदराआडून त्या म्हणाल्या. "आता त्याले जेवू द्या."

किसनजी जागच्या जागी थांबले, मग मागे वळून त्यांनी बाकीच्यांना हातानेच चला म्हटलं. वाईट माणूस नव्हता तो. पुतण्यावर जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाला हात आवरणं फार जड जातं. पुढे शालूचं लग्न त्यांनीच खरंच उभं राहून करून दिलं.

ओकल्यानंतर सापाला बरेच दिवस काही द्यायचं नसतं, नुसतं पाणी. कौसाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. पुन्हा उंबरा, पुन्हा वाती, पुन्हा दाराकडे पाठ. आता मात्र त्या राखण करायला बसल्यासारख्या बसत. पाहुणा आला की त्याला चहा मिळे, साप दिसत नसे. संक्रांत झाली, कापूस गाडीत भरून बाजारात गेला, खोली रिकामी झाली, आणि थंडी ओसरताना गोटू पुन्हा जेवला. या वेळी कुणाला सांगितलं गेलं नाही. मलाही ते पंधरा दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी श्रावणजी गाय घेऊन आले तेव्हा.

उन्हाळ्यात मी एकदा सिंदी मेघेला गेलो होतो. गोटू गुटगुटीत झाला होता, कात स्वच्छ अखंड निघाली होती. मी म्हटलं, कौसाबाई, आता भीती गेली त्याची. जेवणानंतरचे आठ दिवस सोडले तर आता तुम्ही हातात घ्या, मी दाखवतो कसं धरायचं ते. इतके महिने मी ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो हाच होता. माझ्या मनावरचं ओझं उतरणार होतं.

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, संध्याकाळी त्या पेटी उघडी ठेवतात आणि नेहमीसारख्या उंबऱ्यावर बसतात. परवा मागून काहीतरी आलं. पायावरून चढलं आणि पावलावर वेटोळं करून बसलं. दिवा लावायची वेळ टळून गेली, पाय बधिर झाला, तरी त्यांनी पाय हलवला नाही.

"पाह्यलं नाई का तुमी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "कायले पाहू? होता थो."

हातात घ्या, हे मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

पुढे माझ्या बदलीचे आदेश निघाले आणि रद्दही झाले, दवाखान्याची इमारत नवी झाली, खुरकुताची ती साथ येऊन गेली. गोटू होता. सापाचं आयुष्य पुष्कळ असतं. ऐंशीच्या दशकात मधेच एकदा श्रावणजी सायकलवरून आले आणि या वेळीही खुर्चीत बसले नाहीत. कौसाबाई गेल्या होत्या. झोपेत, काही न दुखता. दहाव्याला या, म्हणाले.

नदीवर गर्दी होती. शालू नवऱ्यासह आली होती, किसनजी काठी टेकत आले होते. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, आणि तिथेच राहिले. शालूने हात जोडून सांगितलं, बाबांकडे मी बघेन. एक वचन झालं, दुसरं झालं. किसनजींनी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघून मिटलं. ऊन वर चढलं. कुणाला उघड बोलायचं नव्हतं, पण सगळ्यांना मागचा दहावा आठवत होता. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, बाजूला बसून दर्भाच्या काड्या घेतल्या आणि कावळा बांधायला सुरुवात केली.

श्रावणजी तेवढा वेळ दगडावर बसून होते. गुरुजींच्या हातात गवत दिसताच ते उठले.

"सगळे मांगं सरका," ते म्हणाले. "पाठी करा. कोनी पाह्यलं त जेवन जात नाई."

त्यांनी स्वतः आधी पाठ केली. मग शालूने, मग किसनजींनी काठी सावरत, मग एकेक करून सगळ्यांनी. पाण्याकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून तेवढी माणसं त्या उन्हात उभी होती. मीही पाठ केली होती, त्यामुळे मागे काय झालं ते मला सांगता येणार नाही. बाभळीकडून थोडी फडफड ऐकू आली. शालूचं अंग वळायला निघालं तेव्हा श्रावणजींनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्हाला दिसत होते फक्त गुरुजी, कारण ते आमच्या समोरच्या बाजूला सावलीत बसले होते आणि त्यांचं तोंड नदीकडे होतं. त्यांनी एकदा मान वर करून आमच्या पाठीमागे पाहिलं. मग मांडीवरच्या अर्धवट कावळ्याची गाठ सोडली आणि दर्भाच्या काड्या सरळ करून परत पिशवीत ठेवल्या.